सरकलेली गादी आणि छेदाची लांबी

कमरेच्या दोन मणक्यांमधील गादीचे वेष्टन फाटून आतला गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेच्या मुळावर दाब देतो, तेव्हा कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जी कळ जाते, तिला आपल्या वैद्यांनी गृध्रसी म्हटले आणि डॉक्टर सायटिका म्हणतात. परंतु बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली तिचे मूळ गादीत असल्याचे दाखवून देईपर्यंत हाच गर पुष्कळदा कूर्चेची गाठ समजून काढला जात असे.

त्या काळची शस्त्रक्रिया मोठी. पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावयाचे, मणक्याच्या कमानीचा भाग कापावयाचा, नस हलकेच बाजूस सारावयाची आणि खेकड्याच्या मांसासारखा दिसणारा तो पांढरट, तंतुमय तुकडा चिमट्याने उचलावयाचा, असा तिचा क्रम होता. मध्यंतरी, १९६४ मध्ये, लायमन स्मिथ यांनी पपईच्या चिकातील पाचकद्रव्य गादीत टोचून गर विरघळविण्याचा मार्ग काढला. कच्च्या पपईने मांस मऊ करणाऱ्या आपल्या घरांत त्याचे नवल वाटू नये. मात्र काही रुग्णांस त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी झाल्याने तो इलाज मागे पडला. सत्तरीच्या दशकात सूक्ष्मदर्शकाने छेद आखूड केला, पुढे नळीतून करावयाची शस्त्रक्रिया आली, आणि आता दुर्बीण तर सुमारे ८ मिलिमीटरच्या छिद्रातून आत शिरते.

तरीही छेद लहान म्हणजे इलाज श्रेष्ठ, हा समज मला मान्य नाही. हॉलंडमध्ये ३२८ रुग्णांवर नळीची आणि सूक्ष्मदर्शकाची तुलना झाली, तिचा निकाल २००९ साली आला, आणि वर्षअखेर नळीवाल्यांचीच पाठ व पाय किंचित अधिक दुखत होते. दुर्बीण मात्र तेथेच २०२२ साली सूक्ष्मदर्शकाच्या बरोबरीस उतरली. तेव्हा छिद्राच्या मापापेक्षा त्या पद्धतीवर बसलेला शल्यविशारदाचा हात पाहावा, आणि त्याहून आधी शस्त्रक्रिया आताच हवी काय, हे विचारावे. कारण बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २८३ डच रुग्णांच्या पाहणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली खरी, पण थांबविलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनाच पुढे ती करावी लागली, आणि वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते.

थांबण्याची ही मुभा सर्वांस नाही. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावे.