हात वाचवायचा तर यंत्राला आवर घाला

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड... औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग घडत असतात. खाली डाय, वर रॅम. पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचे, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा. पाळीभर हेच. हातापायांना लय सापडते आणि एखाद्या वेळी हात डायमध्ये असतानाच पाय पेडलवर पडतो.

अपघात झाला की पहिले वाक्य ऐकू येते, ‘त्याचे लक्ष नव्हते.’ पण हजारो वेळा तेच काम करणाऱ्या माणसाचे लक्ष कधीतरी विचलित होणारच. म्हणूनच १९४८च्या कारखाना कायद्याने कलम २१मध्ये धोकादायक भागांना संरक्षक कुंपण घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे ‘क्रश्ड’ अहवालही २०१९पासून पॉवर प्रेसकडेच बोट दाखवत आले आहेत.

उपाय माहीत आहेत. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे एकदम दाबल्याशिवाय रॅम हलूच नये, अशी सोय करता येते. प्रकाशकिरणांचा सेन्सर हात आडवा येताच प्रेस थांबवतो.

जुन्या पिन-क्लचच्या प्रेसवर मात्र सेन्सरचा भरवसा नाही. क्लच एकदा गुंतला की रॅम फेरी पूर्ण करूनच थांबतो. भाग झिजलेले असतील तर पेडल न दाबताही पुन्हा खाली येतो. तिथे डायभोवती पक्की जाळी हवी आणि जॉब काढायला चिमटा किंवा चुंबक.

उत्पादन वाढावे म्हणून बटण पट्टीने दाबून ठेवणे किंवा सेन्सर बायपास करणे म्हणजे हे सारे संरक्षण काढून घेणे.

हातमोज्यांचेही तारतम्य हवे. धारदार पत्रा उचलताना कापरोधक मोजे बोटे वाचवतात. फिरत्या ड्रिलजवळ तेच मोजे अडकून अख्खा हात ओढला जातो. ड्रिलवरचा कीस यंत्र बंद करून ब्रशने काढावा.

तरीही बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तुटलेला भाग ओलसर, स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट लागला तर पेशी मरतात. जखमी कामगार आणि ती पिशवी, दोन्ही ताबडतोब रुग्णालयात पोहोचवावीत.