घरगुती जालातील पत्ता : एक टिपण

डोंबिवली पूर्वेचा पिन कोड ४२१२०१, कल्याणचा ४२१३०१ आणि ठाण्याचा ४००६०१. तीनही शहरे एकाच जिल्ह्यातील व एकाच लोहमार्गावरील; तथापि ठाण्याचे आरंभीचे तीन अंक मुंबईशी जुळतात, कल्याण-डोंबिवलीचे जुळत नाहीत. १९७२ साली सुरू झालेली ही पद्धती भूगोलाचे वर्णन करण्यासाठी नव्हे, तर टपालाची वाट ठरविण्यासाठी योजिलेली आहे. घरातील मोडेम व राउटर जोडताना ज्या आयपी पत्त्याशी आपली गाठ पडते, त्याचे स्वरूप जाणण्यासाठी एवढी गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी : असा पत्ता म्हणजे स्थळाचे नाव नव्हे, पोचविण्याची सूचना होय.

१९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांनुसार हा पत्ता ३२ बिटांचा असतो. सोयीसाठी त्याचे चार भाग पाडून प्रत्येक भाग ० ते २५५ यांपैकी एका संख्येने लिहितात. घरगुती जालात बहुधा पहिल्या तीन संख्या सर्व घराच्या समाईक असतात आणि शेवटची त्या त्या यंत्राची. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६. ती अपुरी पडणार हे लवकरच दिसू लागले, तेव्हा १९९६ मध्ये पत्त्यांचे तीन समूह खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याचे प्रसिद्ध झाले. १९२.१६८ ने आरंभ होणारे सर्व पत्ते त्यांपैकी एका समूहाचे. ते कोणीही कोणास न विचारता आपल्या घरात वापरावेत. सार्वजनिक जालावर मात्र त्यांस स्थान नाही.

भाषाभ्यासकास हा प्रकार अपरिचित वाटू नये. बोलणारा व प्रसंग बदलला की ज्यांचा निर्देश बदलतो, अशा शब्दांचा एक वर्ग ऑटो येस्पर्सन याने १९२२ मध्ये वेगळा काढला होता. 'मी' हा त्यातला, आणि 'आई' हाही. घरात 'आई' म्हटले की पुरते. फलाटावर तीच हाक मारली तर दहा बायका मागे वळून पाहतील. १९२.१६८.१.१ हा असाच 'आई'सारखा शब्द आहे. डोंबिवलीतील एकाच इमारतीत तो घरोघरी असू शकतो, आणि त्यामुळे काही बिघडत नाही. घरातील यंत्राची मागणी बाहेर नेताना राउटर तिच्यावरील खाजगी पत्ता पुसून तेथे आपला बाहेरचा पत्ता घालतो, कोणत्या यंत्रास कोणता पोर्ट क्रमांक दिला हे टिपून ठेवतो, आणि त्या नोंदीवरून उत्तर योग्य यंत्राकडे परत पाठवितो.

बिघडते ते एकाच घरात दोन 'आया' झाल्या म्हणजे. प्रस्तुत लेखकाने आपल्या घरी पुरवठादाराच्या मोडेमला स्वतःचा राउटर जोडला, तेव्हा दोहोंवरील दिवे व्यवस्थित लागले. पण जाल काही मिळेना. (दूरध्वनीवरून सल्ला मिळाला तो अर्थात 'बंद करून पुन्हा चालू करा' एवढाच.) बाहेर जावयाचा प्रत्येक संदेश १९२.१६८.१.१ कडे सोपवावा, अशी मोडेमची सूचना होती. आणि राउटरच्या लेखी १९२.१६८.१.१ म्हणजे तो स्वतःच! काही राउटर हा घोळ ओळखून आपला पत्ता आपण बदलतात. हा बदलीत नव्हता. त्याचा आतला पत्ता १९२.१६८.२.१ असा करताच प्रश्न सुटला. दुसरा मार्ग म्हणजे मोडेमने पत्ते वाटण्याचे काम सोडून केवळ पुलासारखे राहावे. यास ब्रिज मोड म्हणतात. हा मार्ग अधिक स्वच्छ, पण त्यासाठी बहुधा पुरवठादाराची संमती लागते.

येथवरचा विचार घराच्या उंबरठ्यापर्यंतचा झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखण्यात आले. राउटरच्या बाहेरच्या बाजूस यांपैकी एखादा पत्ता दिसला, तर आपल्या राउटरने केलेला पालट पुरवठादाराकडे पुन्हा एकदा होतो असे समजावे. अशा वेळी अनेक घरे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरीत असतात. घरचा कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहता येत नाही तो बहुधा यामुळेच. कारण आतून कोणी मागणी केल्याची नोंद नसता बाहेरून आलेला संदेश कोणाकडे धाडावा, हे पुरवठादाराच्या यंत्रास कळण्याचा उपाय नसतो. १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची ही टंचाई उरत नाही; परंतु तूर्त दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत आहेत.

यातून निघणारी एक गोष्ट विशेष गंभीर आहे. एखाद्या गैरकृत्यामागे अमुक आयपी पत्ता आढळला, एवढ्यावरून अमुक घर दोषी ठरविणे म्हणजे नुसत्या 'आई' या हाकेवरून एका विशिष्ट स्त्रीस धरून आणण्यासारखे आहे. सामायिक पत्त्यापासून घरापर्यंत पोचावयाचे तर नेमकी वेळ, पोर्ट क्रमांक आणि पुरवठादाराकडील नोंद ही तीनही हवीत. आणि घर सापडले तरी घरातील व्यक्ती सापडत नाही. स्थळाविषयीही असाच भ्रम होतो. डोंबिवलीत बसलेल्या मनुष्यास एखादे संकेतस्थळ खुशाल मुंबईकर ठरविते, कारण त्याच्यापाशी असते ती पत्त्यांच्या वाटपाची माहिती, मनुष्याच्या वास्तव्याची नव्हे.

आपली स्थिती जाणून घेण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा चौथ्या आवृत्तीचा पत्ता पाहावा, आणि बाहेरच्या संकेतस्थळास आपला त्याच आवृत्तीचा कोणता पत्ता दिसतो तो पाहावा. दोन्ही एक असतील तर मध्ये कोणी नाही. भिन्न असून राउटरवरचा १९२.१६८ ने आरंभ होत असेल तर दुसरा पालट बहुधा आपल्याच मोडेममध्ये होत आहे, १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तो पुरवठादाराकडे होतो, आणि घरातील जोडणी कितीही बदलली तरी त्यात फरक पडावयाचा नाही.