एनडीएच्या यादीत नाव नाही आलं, आता पुढे काय?

 

आजचा विषय आहे एनडीए, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला असलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. बारावीनंतर सैन्यदल, नौदल आणि हवाई दलाचे अधिकारी घडवणारी ही संस्था. कितीतरी वर्षं तिथे फक्त मुलगे जात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींनाही परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुलींनी पहिल्यांदा पेपर दिला. आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तिथलं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

आता आपल्या गावातल्या मुलीही हा फॉर्म भरतात. फॉर्म कसा भरायचा हे सांगणारे खूप भेटतात. पण पहिल्यांदा निवड झाली नाही तर काय करायचं, हे सांगणारं कोणी भेटत नाही. एका परीक्षेला अर्ज येतात लाखांत आणि जागा असतात सुमारे चारशे, त्यातही मुलींसाठी मोजक्या. म्हणजे बहुतेकींना पहिल्यांदा ‘नाही’च ऐकावं लागतं. मग घरात काय बोललं जातं? “एकदा हौस झाली ना, आता पुरे. स्थळं यायला लागलीत.” म्हणून आज आपण ‘नाही’ आल्यानंतरचं बोलू.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एनडीएची परीक्षा किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही. मर्यादा आहे ती वयाची. अभ्यासक्रम सुरू होतो त्या वेळी मुलीचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या आत हवं. ती बारावीत शिकत असावी किंवा बारावी पास असावी आणि अविवाहित असावी. परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. एप्रिलच्या परीक्षेचा अभ्यासक्रम पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत.

आता हिशेब करू. समजा मुलीचा जन्म १० ऑक्टोबर २००७ चा आहे आणि तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये बारावीची परीक्षा दिली. ती एप्रिल २०२७ मध्ये साडेएकोणीस वर्षांची होते. म्हणजे जानेवारी २०२७ चा अभ्यासक्रम तिच्यासाठी शेवटचा, आणि त्याची परीक्षा एप्रिल २०२६ ची. बारावीत असताना सप्टेंबर २०२४, मग एप्रिल २०२५, सप्टेंबर २०२५ आणि एप्रिल २०२६. किती झाल्या? चार संधी. पहिल्या ‘नाही’नंतरही तीन उरल्या. तुमच्या मुलीचा जन्मदाखला घ्या आणि असाच हिशेब वहीत मांडा. मग आपण कुठे उभ्या आहोत ते दिसतं.

एक चूक बऱ्याच घरांत होते. एप्रिलचा पेपर दिला की निकालाची वाट बघत बसायचं. लेखी निकाल लागतो, मग मुलाखती, मग वैद्यकीय तपासणी, यात कित्येक महिने जातात. तोवर सप्टेंबरच्या परीक्षेचे अर्ज येऊन संपून गेलेले असतात. अर्ज साधारण डिसेंबरात आणि मे-जूनमध्ये निघतात. मागच्या निकालाची वाट न बघता पुढचा अर्ज भरून टाकायचा. मुलींना या अर्जाची फीसुद्धा नाही. म्हणजे न भरून वाचत काहीच नाही.

दुसरी गोष्ट. ‘नाही’ आलं म्हटल्यावर आधी विचारायचं, कुठल्या दारात आलं? कारण या वाटेवर चार दारं आहेत आणि प्रत्येक दाराचं कुलूप वेगळं आहे. बँक गटाचा कर्जाचा प्रस्ताव परत पाठवते तेव्हा आपण गट बंद करतो का? कागद कुठला कमी पडला ते बघतो. इथेही तसंच बघायचं.

पहिलं दार लेखी परीक्षेचं. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, त्यात १२० प्रश्न. सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा, त्यात १५० प्रश्न. यात इंग्रजी २०० गुणांचं, बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. आपल्या मुलींना शाळेत सवय असते की पेपर कोरा सोडायचा नाही, काहीतरी लिहायचंच. इथे ती सवय अंगाशी येते. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर कमावलेले गुण खातं.

अंतिम निकाल लागल्यावर काही दिवसांनी, लेखीत राहिलेल्या मुलांचे गुण आयोगाच्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीपुरते दिसतात. ते बघायलाच हवेत आणि छापून ठेवायला हवेत. गणितात कमी पडलं की इंग्रजीत, हे त्या कागदावरून कळतं. गणितात कमी असेल तर अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पुन्हा उघडायची आणि जुने पेपर घड्याळ लावून सोडवायचे. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

दुसरं दार मुलाखतीचं, ज्याला एसएसबी म्हणतात. ही पाच दिवसांची निवड असते. राहण्याजेवण्याची सोय तिथेच असते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमत्तेची चाचणी होते, मग एक अंधूक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला आणि गटात चर्चा करायला सांगतात. यात राहिलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. पुढच्या दिवसांत मानसशास्त्राच्या चाचण्या, मैदानावर गटाने करायची कामं, अधिकाऱ्याची सविस्तर मुलाखत आणि शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांची एकत्र बैठक.

इथे ‘नाही’ आलं तर मुलींना सगळ्यात जास्त लागतं, कारण तिथे कारण सांगत नाहीत. बँक निदान त्रुटी लिहून देते, एसएसबी देत नाही. म्हणून मुलीने घरी आल्यावर आठवडाभराच्या आत, आठवण ताजी असताना, पाचही दिवसांचं एकटीने लिहून काढावं. चर्चेत मी किती वेळा बोलले? दुसरीचं ऐकून घेतलं का? मैदानावर मी काही सुचवलं, की कोणी सांगेल तेवढंच केलं? मुलाखतीत माझ्याच तालुक्याबद्दल विचारलं तेव्हा मला काय काय सांगता आलं नाही? हा कागद म्हणजे तिची त्रुटींची यादी.

एसएसबीचा फॉर्म भरताना आधी किती वेळा आलात, हे लिहावं लागतं. काही मुली ते लपवावं का असं विचारतात. अजिबात लपवू नये. पुन्हा येणं हा दोष धरला जात नाही. मुलाखतीत हमखास विचारतात, “मागच्या वेळी का राहिलीस असं तुला वाटतं? मधल्या काळात काय केलंस?” ज्या मुलीकडे या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, ती ताठ मानेने बसते. क्लासमध्ये पाठ केलेली उत्तरं तिथे उघडी पडतात. तिने मधल्या काळात गावातल्या लहान मुलांना गणित शिकवलं असेल, खो-खोचा संघ सांभाळला असेल, गटाचे हिशेब लिहायला आईला मदत केली असेल, तर ते सांगण्यासारखंच आहे. जबाबदारी घेणं, बरोबरच्यांना घेऊन काम करणं, अडचणीत डोकं शांत ठेवणं, हेच तिथे पाहतात.

तिसरं दार वैद्यकीय तपासणीचं. इथे ‘अपात्र’ शब्द ऐकून घरचे रडायला बसतात. पण तात्पुरतं अपात्र आणि कायमचं अपात्र यात फरक आहे. वजन कमी-जास्त, कानात मळ, दातांची कीड, अशा गोष्टी उपचाराने सुधारतात, आणि दिलेल्या मुदतीत पुन्हा तपासणीसाठी अपील करता येतं. मुदत आणि रुग्णालय लष्करी डॉक्टरच सांगतात. तो कागद नीट वाचायचा, तारीख चुकवायची नाही. रंगांधळेपणासारख्या गोष्टी मात्र उपचाराने बदलत नाहीत. म्हणून वर्षवर्ष अभ्यास करण्याआधीच डोळे, दात, कान आणि हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून घेतलेलं बरं. हिमोग्लोबिनचं मी मुद्दाम सांगते. मुलगी पहाटे पळायला जाते आणि उपाशी कॉलेजला जाते, असं चालणार नाही.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट, गोंदण. कायमचं गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. आदिवासी समाजात जिथे परंपरा आहे तिथे सवलत आहे. पण जत्रेत हौसेने मानेवर काढलेलं नाव मुलीची वाट अडवू शकतं.

चौथं दार गुणवत्ता यादीचं. लेखी पास, मुलाखतीत शिफारस, तब्येतही ठीक, तरी जागा कमी म्हणून नाव येत नाही. ही मुलगी नापास झालेली नसते. तिला थोडे गुण वाढवायचे असतात आणि ते बहुधा लेखीतच वाढवता येतात. अशा मुलीने थांबणं म्हणजे पीक कापणीला आलेलं असताना शेत सोडून जाणं.

आता घराचं आणि गटाचं काम काय ते बघू.

पहिलं काम लग्नाची घाई न करणं. एनडीएला अविवाहित असणं ही अट आहे, आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असंही लिहून द्यावं लागतं. साडेएकोणीसपर्यंतचे महिने हीच तिची पुंजी. आपण गटात शंभर-शंभर रुपये साठवतो तेव्हा मध्येच कोणी पेटी फोडली तर चालतं का? मग मुलीचे महिने मध्येच का मोडायचे? सासरी-माहेरी सांगायला एक तारीख हाताशी असली की बोलणं सोपं जातं. “अमुक एप्रिलपर्यंत स्थळाचं बोलू नका, तिची शेवटची परीक्षा आहे,” असं सांगितलं की मोठी माणसंही ऐकतात.

दुसरं काम प्रवासाचं. एसएसबीसाठी भोपाळ, प्रयागराज, बंगळूर अशा दूरच्या गावी जावं लागतं. पहिल्यांदा जाताना ठरलेलं भाडं सरकार देतं. पण त्याच प्रकारच्या भरतीसाठी दुसऱ्यांदा गेल्यावर ते मिळत नाही. म्हणजे नेमका पुन्हा प्रयत्न करणारीचा खर्च घरावर येतो. कितीतरी घरांत दुसरी फेरी याच कारणाने राहते, आणि कारण म्हणून सांगितलं जातं, “तिचं मनच नव्हतं.” गटाच्या अंतर्गत कर्जातून हा खर्च निघू शकतो. शेळीसाठी, खतासाठी आपण कर्ज मंजूर करतो, तसं यासाठीही ठरावात लिहून मंजूर करता येतं.

तिसरं काम, दुसरं दार उघडं ठेवणं. परीक्षेच्या नादात कॉलेज सोडू देऊ नका. पदवीला प्रवेश घ्यायचा आणि जमलं तर एनसीसीत जायचं. पदवीनंतर सीडीएस परीक्षेतून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत अविवाहित मुलींना जाता येतं, तिथे वय २५ पर्यंत चालतं. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वेगळी वाट आहे. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहे. म्हणजे साडेएकोणीसला एनडीएचं दार बंद झालं तरी वर्दीचं होत नाही. आणि ज्यांच्या मुली आत्ता दहावीत आहेत त्यांनी नाशिकच्या मुलींच्या सैनिकी सेवा पूर्व प्रशिक्षण संस्थेची चौकशी करावी. राज्य सरकारची ही संस्था अकरावी-बारावीबरोबर याच परीक्षेची तयारी करून घेते.

एक गोष्ट मुलींशीही बोलते. पोरींनो, सगळे प्रयत्न करूनही कधी कधी निवड होत नाही. तसं झालं तर या दोन वर्षांत सुधारलेलं गणित, इंग्रजी, तब्येत आणि एकटीने रेल्वेने परराज्यात जाऊन येण्याचं धाडस तुमच्याकडेच राहतं. ते पोलीस भरतीलाही कामाला येतं आणि बँकेच्या परीक्षेलाही. पण वय शिल्लक असताना, निव्वळ लाजेपोटी, दुसरा अर्ज न भरता बसू नका.

तायांनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. गटातल्या कोणाकोणाच्या मुली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या आहेत, त्यांच्या जन्मतारखा आणि उरलेल्या संधी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढचा अर्ज कधी निघणार ते त्याखाली लिहा आणि तो भरून घ्यायची जबाबदारी एका ताईकडे द्या.