कागदाची वाटचाल : दप्तरातील खुणा आणि कार्यप्रवाहाचा फलक

कार्यालयात आलेला अर्ज निकाल लागेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातो, कोठे थांबतो आणि का थांबतो, हे कळण्याची सोय असल्याखेरीज कोणतेही प्रशासन चालत नाही. आज ही सोय संगणकाच्या पडद्यावर असते. कामाचे टप्पे आधी आखून दिलेले असतात, प्रकरण त्या आखणीनुसार एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे सरकते, आणि व्यवस्थापकासमोरच्या फलकावर, म्हणजे प्रचलित शब्दात ‘डॅशबोर्ड’वर, चालू किती, पूर्ण किती, अडलेली किती आणि मुदत उलटलेली किती, हे आकडे दिसतात. अडलेले प्रकरण दुसऱ्याकडे सोपवणे, ते स्थगित वा रद्द करणे, फसलेला टप्पा पुन्हा चालवणे, हे अधिकारही त्याच फलकावरून बजावता येतात. विषय यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु ‘चालू’, ‘पूर्ण’, ‘प्रलंबित’ हे अखेर शब्द आहेत, आणि कागदाची अवस्था शब्दात बांधण्याचा उद्योग भारतीय भाषांत फार जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या सहाव्या अध्यायात, समाहर्त्याने लक्ष ठेवावयाच्या बाबी म्हणून करणीय, सिद्ध, शेष, आय, व्यय आणि नीवी ही सहा पदे येतात. त्यांतील पहिली तीन अवस्थावाचक आहेत. ‘करणीय’ हे विध्यर्थी कृदंत, ‘सिद्ध’ हे भूतकालवाचक, आणि ‘शेष’ म्हणजे या दोहोंमध्ये उरलेले. आधुनिक कल्पना प्राचीनांना ठाऊकच होत्या असे म्हणण्याची आपल्याकडे एक खोड आहे. तसे येथे म्हणावयाचे नाही. तेथील प्रश्न महसुलाचा आहे, मेजावरील प्रकरणांचा नव्हे. मात्र काम मोजावयाचे तर त्याला काळाची रूपे द्यावी लागतात, एवढे या तीन पदांवरून स्पष्ट होते.

मराठी दप्तरात ही जाणीव अधिक मूर्त झाली. राजपत्राचा मजकूर तयार झाला म्हणजे पत्र तयार झाले असे नसे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ज्याला ‘सचिव’ म्हणू लागले त्या सुरनिसाने मजकुरातील अधिकउणे तपासून आपली संमतीची खूण करावयाची, मग शिक्का, आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत : ही लेखनाची सीमा, हिच्याखाली एक अक्षरही वाढवावयाचे नाही. याखेरीज पत्राच्या अंगावर लहान लहान शेरे असत. ‘रुजू’ म्हणजे ताडून पाहिले; ‘बार’ म्हणजे दप्तरी नोंद झाली; ‘सुरू सूद’, ‘मोर्तब सूद’ यांतील ‘सूद’ हे फारसी ‘शुद’चे रूप, अर्थ ‘झाले’. राज्यव्यवहारकोशाने कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याच्या दहा वर्गांत एक लेखनवर्गही आहे. तरीही हे शेरे पेशवाईपर्यंत फारसीच राहिले. पदाचे नाव आज्ञेने बदलता येते, हाताची सवय तशी बदलत नाही.

या ‘सूद’मध्ये कर्ता नाही. काय झाले हे शब्द सांगतो. कोणी केले हे वळण, शाई आणि शिक्का सांगतात. आपण अभ्यासक मजकूर वाचतो आणि शेरे किरकोळ समजून सोडून देतो. वस्तुतः मजकूर ही एका माणसाची इच्छा असते. ती राज्याची आज्ञा झाली की नाही, हे शेऱ्यांवरूनच ठरते.

सगळे कागद उलगडल्याशिवाय सगळ्यांची स्थिती कशी कळावी, हा पुढचा प्रश्न. पुण्याच्या हुजूर दप्तरात दररोजच्या व्यवहाराची रोजकीर्द, तिच्यावरून विषयवार खतावणी आणि तिच्याही वर विभागवार गोषवाऱ्याचा तर्जुमा, अशी चढण होती. एकबेरीज दप्तराचे कामच हे. आजचा फलक हा एका दृष्टीने तर्जुमाच. फरक इतकाच की तो वर्षाखेरीस नव्हे, क्षणोक्षणी सिद्ध होतो. पण दोहोंची अट एकच आहे : खालची कीर्द प्रामाणिक असली पाहिजे.

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ‘बारनिशी’ हा शब्द आवकजावक नोंदीसाठी आजही जिवंत आहे. तेथील सहा गठ्ठा पद्धतही विचार करण्याजोगी आहे. बैठकीच्या कामाची प्रकरणे एका गठ्ठ्यात, प्रतीक्षाधीन दुसऱ्यात. मग नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवावयाची आणि नष्ट करावयाची. पहिल्या दोहोंमधील भेद मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्यामुळे अडलेले आणि दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेले, ही दोन प्रकरणे निराळी. पुष्कळ फलक ती एकाच आकड्यात कोंबतात. महाराष्ट्राच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहता कामा नये. हेतू स्तुत्य आहे. परंतु केवळ दिवस मोजले, तर सहाव्या दिवशी एखादी शंका काढून नस्ती परत धाडणे हा सोपा उपाय ठरतो. कागद हलतो, आकडा शुद्ध राहतो, अर्जदार तेथेच.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ई-ऑफिस प्रणाली २००९ पासून प्रचारात आली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागद गेल्यावर महाराष्ट्रात तिची निकड अधिक पटली. तिच्यात नस्तीची प्रत्येक हालचाल वेळेसह नोंदली जाते. तथापि ‘बार’ कागदाच्या अंगावरच असे. ही नोंद मजकुरापासून वेगळी साठवली जाते. उद्या मजकूर जतन झाला आणि वाटचालीची नोंद गळाली, तर पुढील अभ्यासकाच्या हाती शेऱ्यांवाचूनची पत्रे पडतील.

अनुवादाचाही प्रश्न आहेच. हे फलक भारतीय भाषांत येत आहेत. मराठी ‘प्रलंबित’ आणि हिंदी ‘लंबित’ यांत काम लोंबकळते. तमिळ ‘निलुवै’ हा ‘उभे राहणे’ या धातूवरून आला आहे, तेथे काम तिष्ठत असते. ‘बाकी’त ते कौटिल्याच्या ‘शेष’प्रमाणे उरते. पूर्णतेसाठी मराठीत ‘निकाली’ हा शब्द आहे. प्रकरण निकाली निघाले म्हणजे ते मेजावरून गेले. अर्जदाराला मागितलेले मिळाले की नाकारले गेले, हे त्या शब्दात नसते. फलकावरही नसते. तेवढ्यासाठी प्रकरण उघडावे लागते.