चुकांवरून लागणारा माग

एचआयव्हीचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा. माणसाचा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. एवढासा हा विषाणू, पण त्याचा मजकूर उतरवून काढणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे एन्झाइम फार चुका करतं आणि केलेली चूक तपासायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून एकाच माणसाच्या रक्तात विषाणूच्या असंख्य आवृत्त्या फिरत असतात. लस अजून हाती लागलेली नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. पण याच चुका विषाणूचा माग सांगतात!

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पंडितांनी शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत तोच वेगळा पाठ त्याच जागी वारंवार दिसला, की त्यांचं मूळ एक असावं, असा तर्क निघतो. विषाणूंनाही हाच तर्क लागू पडतो. दोघांकडच्या विषाणूंतले बदल फार जुळले, तर त्यांच्यात संसर्गाचा जवळचा दुवा असण्याची शक्यता मोठी.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एचआयव्ही केंद्राने याचा फार सुंदर उपयोग केला. कोणतं औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूचा ‘पोल’ हा जनुक तिथे वाचला जायचाच. तिथले संशोधक आर्ट पून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३०,०००हून अधिक निनावी नोंदींशी प्रत्येक नवी नोंद आपोआप ताडून पाहणारी यंत्रणा उभी केली. जून २०१४मध्ये तिला एक गट झपाट्याने वाढताना दिसला: तीन महिन्यांत ११ नवे रुग्ण, आणि त्यातल्या आठ जणांना औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूचीच लागण झालेली. लागण होऊनही माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो, अशा या आजारात ही साखळी वाढत असतानाच नजरेला पडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्या गटाचा पाठपुरावा वाढवला. आणखी काहींचे उपचार सुरू झाले, बहुतेकांच्या रक्तातलं विषाणूंचं प्रमाण दबलं. ते नीट दबलेलं राहिलं, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पुढच्या वर्षभरात त्या गटात १२ नवे रुग्ण सापडलेच, पण औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूचा प्रसार कमी झाला.

मात्र दोन विषाणू सारखे निघाले म्हणून कोणी कोणाला लागण केली, हे सिद्ध होत नाही. मध्ये तिसरा माणूस असू शकतो, किंवा दोघांनाही तिसऱ्याकडूनच लागण झालेली असू शकते. अनेक देशांत एचआयव्हीची लागण करणं गुन्हा आहे. तिथे ही माहिती पोलिसांच्या हाती पडली, तर धास्तावलेले लोक तपासणीलाच येणार नाहीत. रुग्णाने रक्त दिलं ते उपचारासाठी. त्याचा वापर त्याच्याविरुद्ध कधीही होता कामा नये.