उद्याची चिंता कोणी वाहायची?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई निम्म्याच्या आसपास ओस पडली. रोगाची भीती होतीच, पण त्याहून जबर धसका इस्पितळाचा होता. आत गेलेला माणूस परत येत नाही, असा बोलबाला झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. लालबाग-चिंचपोकळीचा हा टापू तेव्हा भीतीने खदखदत होता. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला आणि घरात घुसून तपासण्या सुरू झाल्या. मग माणसं आपले आजारी लपवू लागली.

गिरगाव, माझगाव, वांद्रे या ख्रिस्ती वस्त्यांत रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात, त्यांतल्या कित्येकांची आठवण या काळाशी जोडलेली आहे. कुठे साथ टळावी म्हणून क्रूस उभा राहिला, कुठे टळली म्हणून. गिरगावातल्या खोताच्या वाडीच्या प्रार्थनास्थळाचं नातंही प्लेगशीच सांगितलं जातं. तिथल्या ईस्ट इंडियन घरांतली माणसं संध्याकाळी क्रुसाजवळ जमून एकत्र रोझरी म्हणत. घराघरांत दारं लावून बसण्याच्या दिवसांत चार माणसं उंबऱ्याबाहेर येऊन एका सुरात काही म्हणतात, याचा उपयोग रोगावर होतो की नाही हा प्रश्न मला गौण वाटतो. भीती एकट्याने भोगायची नाही, ही व्यवस्था त्यात होती. हिंदू वस्त्यांत देवीला घातलेली साकडी याहून फार वेगळी नव्हती.

याच शहरात, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ती वास्तू मुळात एक कॅथलिक मठ, नंतर गव्हर्नरांचा वाडा. १८८२ मध्ये तिथे लेडी फर्ग्युसन कॉलऱ्याने गेल्या आणि गव्हर्नरांनी परळला रामराम ठोकला. मठ, मृत्यू आणि लस, तिन्ही एकाच छपराखाली. परळकरांना आज ती वास्तू हाफकिन संस्था म्हणून ठाऊक आहे, पण तिच्या मागच्या जन्मांची फारशी आठवण कोणी काढत नाही.

साथ टळावी म्हणून क्रूस उभारायची रीत नवसाच्या जवळची आहे. मुंबईला नवस नवा नाही. लालबागचा राजा १९३४ मध्ये बसला तोच मुळी कोळी आणि विक्रेते मंडळींना बाजाराची हक्काची जागा मिळावी या नवसातून. मंगळवारी सिद्धिविनायकाकडे जाणारी दादरची गर्दी बुधवारी माहीमला वळलेली दिसली तर चकित व्हायचं कारण नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. नऊ बुधवार न चुकता करायचे, असा रिवाज. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाची चिमुकली घरं, हात, पाय, बाळं मिळतात. ज्याला घर हवं त्याने घर घ्यायचं, गुडघा दुखतो त्याने पाय. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे रांगेत. लोकांनी लिहून दिलेली आभाराची आणि मागण्याची पत्रं नोव्हेनेत वाचली जातात. नोकरी लागली, व्हिसा झाला, सूनबाई सुखरूप बाळंत झाली. ऐकता ऐकता कळतं की आपल्या काळजीत तसं नवीन काही नाही. मला वाटतं, निम्मा दिलासा तिथेच मिळतो.

मात्र नवसात एक व्यवहार असतो. दिलं नाहीस तर? हा प्रश्न ज्यांनी अंगावर घेतला त्यांच्याकडे पाहायला हवं, आणि त्यासाठी पुन्हा गिरगावात यायचं. ११ मार्च १८८९ रोजी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. रमाबाईंनी आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावली होती, नवरा कॉलऱ्याने गेला होता. अशा बाईला भीती नव्हती असं म्हणणं हे भाबडेपण झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या ते उपासमार कशी असते हे माहीत असूनच. सदन तोवर पुण्याला हललं होतं. मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना तिथे प्लेगच्या निर्बंधांमुळे ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात हलवलं. तिथेच मुक्ती सदन वाढलं. पुण्यातल्या प्लेगच्या छावणीत बायकांचे हाल होतात असं त्यांनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'ला लिहिलं तेव्हा गव्हर्नर सँडहर्स्टनी ते नाकारलं. सरकारशी वाकडं घ्यायला ख्रिस्ती संस्थाचालक सहसा धजत नसत. रमाबाईंची श्रद्धा मला सर्वांत खरी दिसते ती या पत्रात.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही मुंबईतच झाला, १० फेब्रुवारी १८९५ रोजी. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी काही सांगितलं नव्हतं. पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या, पण तोवरचा काळ काय होता ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावं. नवऱ्याकडे राहायला आल्या त्या खाणंपिणं वेगळं ठेवून. सोवळं ही त्यांच्या माहेरी निव्वळ रीत नव्हती. वडिलांचं सोवळं वेडापर्यंत गेलेलं, आणि त्याचा उगम सत्तावनच्या बंडात जवळच्या माणसाला झालेल्या फाशीच्या धक्क्यात. हा विटाळ मुळात भयाचा होता, हे त्या विनोदाच्या ओघात सांगून जातात. जातिभेद देवाने केलेला नाही, हे आतून पटलं तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भय गेलं, मग नाव बदललं.

टिळकांचं उलट. त्यांच्या वृत्तीतच चिंता नव्हती. डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देऊन उद्याची काळजी करू नका असं सांगितलं आहे, ते टिळकांनी अक्षरशः घेतलं. हाती आलेला पैसा ज्याला गरज त्याच्या हाती जाई. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. संतपणाला हे शोभून दिसतं, पण घरात तांदूळ किती उरलेत हे लक्ष्मीबाईंना पाहावं लागे. नवऱ्याने टाकलेली उद्याची चिंता बायकोने उचललेली होती. चर्चमध्ये निर्भयतेवर प्रवचनं पुष्कळ होतात, पण या हिशेबाबद्दल मी फारसं ऐकलेलं नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या रूपाने साथ परत आली आणि देवळं, मशिदी, चर्च सगळीच बंद झाली. माहीमचा बुधवार मोबाइलच्या पडद्यावर गेला. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. मधल्या महिन्यांत ज्यांना खरी धास्ती होती त्यांना प्रार्थनेइतकीच गरज होती शेजारच्याने आणून दिलेल्या भाजीची आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची. ज्या मंडळींनी तेवढं पाहिलं, त्यांच्याकडे लोक अजून वळतात. ज्यांनी नुसतं भिऊ नका म्हणून सांगितलं, त्यांचं म्हणणं लोक ऐकून घेतात आणि आपापल्या कामाला लागतात.