कॉलेजचा वार्षिकांक आणि राहून गेलेला एक ‘बसलो’

गेल्या पावसाळ्यात आमच्या टिळकवाडीतल्या घराचा माळा गळायला लागला, म्हणून तिथली पत्र्याची पेटी खाली काढावी लागली. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एकदा सुरू झाला की कौलं, पत्रे, स्लॅब, कुणाचंच काही चालू देत नाही. पेटीत वडिलांच्या विम्याच्या पावत्या होत्या, माझी एक फुटकी कंपासपेटी होती आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले कॉलेजचे तीन वार्षिकांक. १९८२-८३, ८३-८४ आणि ८४-८५.

लेक बंगळूरहून सुटीला आली होती. तिनं विचारलं, “हे तुमचं इयरबुक का गं?”

तसं म्हणायचं तर म्हणा. पण इयरबुकात प्रत्येक मुलाचा फोटो आणि खाली दोन ओळी असतात म्हणे. आमच्या वेळी तसलं काही नव्हतं. वार्षिकांक म्हणजे सुरुवातीला प्राचार्यांचा अहवाल, मग गुळगुळीत कागदावरची फोटोंची आठ-दहा पानं, मग इंग्रजी विभाग, मराठी विभाग, कन्नड विभाग, हिंदी विभाग आणि शेवटी सराफ, कापडवाले आणि कुंदेवाले यांच्या ‘हार्दिक शुभेच्छा’. आमचं कॉलेज तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेलं होतं, त्यामुळे एकाच पुठ्ठ्यात चार भाषा गुण्यागोविंदानं बसायच्या. बाहेर रस्त्यावर तेव्हा वातावरण तितकं गुण्यागोविंदाचं नसे, ते तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेलच. अंकात मात्र मराठी विभाग संपला की पान उलटायचं, कन्नड सुरू.

फोटोंत ज्यांनी काही जिंकलं तेच. खो-खोचा संघ, एनसीसीची तुकडी, वादविवादाची ढाल. खाली ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’. वर्गात शंभर मुलं असली तर त्यातली दहा-बारा या पानांवर दिसणार. बाकीच्यांना अंकात यायचं तर एकच वाट होती, काहीतरी लिहून द्यायचं. म्हणून मराठी विभागात एवढ्या कविता असायच्या! पाऊस, आई, दिवा, एकटेपण. लेकीनं दोन वाचल्या आणि हसत सुटली. मीही हसले. त्यातली एक माझी होती.

८४-८५ च्या अंकाच्या फोटोत मी बसलेल्यांत आहे. मराठी विभागाची विद्यार्थी संपादक. वेणी पुढे घेतलेली, चेहऱ्यावर जगाची सगळी जबाबदारी. त्या वर्षाचं वारंच तसं होतं. इंदिरा संतांना ‘गर्भरेशीम’साठी १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता आणि इंदिराबाई आमच्याच गावात राहणाऱ्या. पु. ल. देशपांडे एके काळी बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, हेही आमचे सर वर्षातून चारदा सांगत. एवढ्या मोठ्या माणसांच्या गावचा मराठी विभाग, तो ‘शुद्ध’ असायला नको? माझी आई पुण्याची. घरात तिच्यासमोर ‘न’ आणि ‘ण’ची चूक केली की जेवण थांबायचं. सरांनी मला का निवडलं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल.

फोटोत मागच्या रांगेत, पुढच्या मुलीच्या खांद्याआड अर्धी लपलेली एक मुलगी आहे. आम्ही तिला वडगावची म्हणायचो. घरी माग, चार घरं सोडून पुन्हा माग, सगळ्या गल्लीत दिवसभर खटखट. तिनं त्या वर्षी एक लेख दिला होता, तिच्या आजीवर. आजी दारात बसून कांड्या भरायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची आणि कांडी भरता भरता गल्लीची सगळी खबरबात घ्यायची. वहीची साडेतीन पानं, निळ्या शाईत.

तो लेख मी दुरुस्त केला.

बेळगावच्या मुलांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे आणि कोल्हापूरकडे बऱ्याच घरांत बायका ‘मी गेलो’, ‘मी जेवलो’, ‘मी येतो’ असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला वाटतं, मुलगी मुलासारखं बोलते. तसं काही नाही. शेजारच्या कन्नडमध्येही ‘नानु होदे’ म्हटलं की बोलणारा बाई की पुरुष ते क्रियापदावरून कळत नाही. आणि पुस्तकी मराठीत तरी काय, ‘आम्ही गेलो’ म्हणताना बायका-पुरुष कुठे वेगळे होतात? पण हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा मी लाल पेन घेऊन बसले आणि प्रत्येक ‘गेलो’चं ‘गेले’ केलं. ‘चिरमुरे’ होते त्यांचे ‘कुरमुरे’ केले. आजीच्या तोंडी तर मी असं मराठी घातलं की रेडिओवरच्या निवेदिकेनं मान डोलवावी. ‘बाळ, तू केव्हा आलीस?’ वडगावातली कांड्या भरणारी म्हातारी, आणि ‘बाळ, तू केव्हा आलीस’!

छापखान्यात तेव्हा खिळे जुळवून मजकूर लागायचा. प्रूफं मीच तपासली. सरांनी पाठ थोपटली. माझ्या नंतरच्या आयुष्यात इतकं मनापासून केलेलं काम फार नसेल.

आता चाळीस वर्षांनी लेकीला तो लेख मोठ्यानं वाचून दाखवायला लागले तर घशातून निघेना. एकही चूक नाही आणि एकही माणूस नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एक वाक्य माझ्या तावडीतून सुटलेलं सापडलं. आजी रागावते आणि लिहिणारी म्हणते, ‘मी मुकाट्यानं कांड्या भरायला बसलो.’ तेवढं एक वाक्य वाचताना ती मुलगी दिसली, ओटीवर, मान खाली घालून.

लेक म्हणाली, “ही चूक राहिली बघ.” मग माझ्याकडे बघून गप्प झाली. ऑफिसात पुण्याच्या मुली तिच्या ‘मी जेवलो’ला हसतात, असं तिनं कधीतरी सांगितलं होतं. तिला तो ‘जेवलो’ तिच्या वडिलांच्या घरून मिळालेला. मी स्वतः सासरी तीस वर्षं ‘गेलो-आलो’च बोलते. लिहायला बसलं की ‘गेले’, बोलायला लागलं की ‘गेलो’. आताही बघा, लिहिताना कसं चाललंय.

त्या अंकानंतर वडगावचीनं काही लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी ती कॉलेजातही दिसली नाही. माझ्या मनानं दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला आणि रात्री झोप लागेना. शेवटी पाऊस उघडल्यावर एका रविवारी अंक पिशवीत घालून वडगावला गेले. गल्ली सापडली, घरही सापडलं. ती माहेरीच राहते, भावाशेजारी घर बांधलंय. खटखट आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही. तिनं मला ओळखलं, मी मात्र क्षणभर ओळखलं नाही.

मी अंक पुढे केला आणि जे सांगायचं होतं ते एका दमात सांगून टाकलं. लाल पेन, गेलो, गेले, सगळं.

ती म्हणाली, “ते सर केले असतील म्हणून वाटलं मला.” मग म्हणाली, “चांगलं केलेलं होतं की. छापून आलं म्हणून अण्णा कुंदा आणला होता घरात.”

“मग पुढं का लिहिलं नाहीस?”

“लग्न ठरलं की माझं. तुझ्यामुळं कशाला थांबीन मी?”

खरं सांगते, मला थोडा रागच आला. इतकी वर्षं नव्हे, पण निदान गेला महिनाभर मी हे ओझं वागवत होते, आणि हिच्या लेखी त्याची काही किंमतच नाही! चहा आला. तिनं चष्मा लावला आणि पान काढून लेख वाचायला घेतला, ओठ हलवत, हळूहळू. अर्ध्यावर थांबली.

“एक झालं होतं तेव्हा. आजीला वाचून दाखवलो हे. तिला वाचायला येत नव्हतं न्हवं. सगळं ऐकली. ऐकून म्हटली, चांगलं हाय, पण ही म्हातारी कुठली गं?”

ती हसली. मला हसता आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. “अगं, ती जाऊन तीस वर्षं झाली. घे, चहा निवतोय.”

मूळ वही कधीच रद्दीत गेली होती. मी म्हटलं, तुला आठवेल तसं सांग, मी लिहून घेते, या वेळी एक अक्षर बदलणार नाही. तिनं आठवायचा प्रयत्न केला. आजीची एक शिवी आठवली, ती इथे छापता येणार नाही. हाक मारायची ती लकब आठवली, पण ती कागदावर कशी लिहायची ते दोघींनाही कळेना. तेवढ्यात तिची नात शाळेच्या खेळाच्या सरावाहून आली. इंग्रजी शाळेत आहे, कन्नड तिला चांगलं येतं, मराठी घरापुरतं. आजीनं तिला अंक दाखवला, फोटोतली खांद्याआडची मुलगी दाखवली. पोरीनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, अडखळत. ‘कुरमुरे’पाशी थांबली. “कुरमुरे म्हणजे?”

“चिरमुरे,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

निघताना मी अंक पिशवीत घालायला गेले, तर पोरीचं वाचून व्हायचं होतं. दुसरं पान नुकतंच सुरू झालं होतं. मग तिथंच ठेवून आलो.